अ‍ॅव्हरेज किती देते?

आपल्याकडे गाडीभोवती दोन माणसं जमली की पहिला प्रश्न ठरलेला: अ‍ॅव्हरेज किती देते? मालक छाती फुगवून सांगतो, 'हायवेला बावीस.' ऐकणारा 'बावीस' ऐकतो आणि 'हायवेला' हा शब्द सोडून देतो. जुनी डिझेल गाडी घेताना माणूस फसतो तो त्या सोडलेल्या शब्दापाशी.

मीही फसता फसता राहिलो. 2013ची डिझायर होती, तीन लाखांच्या आत मिळत होती. सोबत ओळखीचे मिस्त्री नेले होते. त्यांनी चावी मागितली नाही, आधी बॉनेटवर तळहात ठेवला. 'गाडी गरम आहे,' ते म्हणाले. मालक गडबडले, 'आत्ताच जरा कोपऱ्यापर्यंत नेली होती.' कोपऱ्यापर्यंत नेल्याने बॉनेट एवढं तापत नाही. थंड इंजिन सेल मारल्यावर किती कुरकुरतं आणि किती धूर टाकतं, हे आम्हाला दिसू नये म्हणून ती व्यवस्था होती. मग मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं आणि तोंडावर उलटं ठेवलं. झाकण थरथरलं, पण उडालं नाही. 'बॅक कंप्रेशन नाही, इंजिन ठीक आहे.' डिपस्टिकवरचं काळंकुट्ट ऑइल बघून मी दचकलो, तर म्हणाले, 'डिझेलचं ऑइल चार दिवसांत काळं होतं, त्याला काय भ्यायचं?' भ्यायचं होतं ते क्लचच्या पॅडलला. मीटरवर 68 हजार आणि पॅडलचं रबर नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत.

परत येताना त्यांनी मला विचारलं, 'सर, रोज किती चालवणार?' म्हटलं, शाळेत जाऊन येऊन नऊ किलोमीटर. ते हसले. 'मग डिझेल कशाला? डिझेलला पळवावं लागतं.'

अशा गाड्या आज एवढ्या स्वस्तात का मिळतात, याला एक जुनं कारण आहे. 2012च्या उन्हाळ्यात दिल्लीत पेट्रोल आणि डिझेलच्या दरात लिटरमागे 30 रुपयांहून जास्त फरक होता. सरकार डिझेल स्वस्त ठेवत होतं ते ट्रक आणि शेतावरच्या पंपासाठी. आपण मध्यमवर्गीयांनी तेच डिझेल कारमध्ये भरलं आणि काटकसरीचं समाधानही मिळवलं. त्याच काळात फियाटचं 1248 सीसीचं मल्टिजेट इंजिन घरोघरी पोचलं. मारुती ते परवान्यावर बनवत होती, आमच्या रांजणगावात फियाट-टाटांच्या कारखान्यातही ते तयार होत होतं. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो, सगळ्यांच्या पोटात एकच इंजिन. गाडीवेड्यांनी त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायला सुरुवात केली होती. ऑक्टोबर 2014मध्ये डिझेलचे दर बाजारावर सोडले गेले. पुढे 2020मध्ये प्रदूषणाचे बीएस-6 निकष आले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या. आज विकायला उभी असलेली ही जुनी डिझेल गाडी म्हणजे त्या संपलेल्या सवलतीचा उरलेला गाळ आहे. सवलत गेली, गाडी राहिली.

आता हिशोब मांडू. पेट्रोल 104 आणि डिझेल 90 रुपये धरा. पेट्रोल गाडी पंधराचं अ‍ॅव्हरेज देते, डिझेल विसाचं. वर्षाला 12 हजार किलोमीटर होत असतील तर डिझेलवाल्याचे 29 हजार रुपये वाचतात. ही काही चेष्टा नाही. माझ्यासारख्याचे वर्षाला तीन हजार किलोमीटर होतात, त्यावर सात हजार वाचतील. तेही कागदावरच, कारण साडेचार किलोमीटरमध्ये डिझेल इंजिन धड तापत नाही, त्याचं अ‍ॅव्हरेजही वीस राहत नाही. अर्धवट जळलेल्या इंधनाची काजळी धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या ईजीआरमध्ये आणि टर्बोच्या वाटेत साचत जाते. बीएस-6 गाड्यांत तर धुराड्यात काजळीचा फिल्टरच असतो आणि तो साफ व्हायला गाडी मधूनमधून बराच वेळ एका वेगात पळावी लागते. गल्लीबोळात फिरणाऱ्याच्या डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागतो. चार इंजेक्टर किंवा एक टर्बो बदलायची पाळी आली की माझी काही वर्षांची बचत एका बिलात जाते.

आमच्या घरात काटकसर म्हणजे वस्तूचा गुण समजला जायचा. हे कापड टिकाऊ, तो दिवा कमी वीज खाणारा. मीही तशीच काटकसरी गाडी शोधत होतो. पण अ‍ॅव्हरेज गाडीत नसतंच. ते रस्ता, अंतर आणि चालवणाऱ्याचा पाय मिळून ठरतं. गाडी वापरणारा बदलला की तीच गाडी उधळी होते. आणि जुन्या गाडीत तर आधीच्या मालकाचा पायही आपण विकत घेतो.

धुराचं काय, हेही मनात येतं. दहा वर्षांवरची डिझेल गाडी दिल्लीत नको, असं हरित लवादाने 2015मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये म्हटलं. अंमलबजावणीत पुढे बरीच ओढाताण झाली. तिथे नकोशी झालेली गाडी एनओसी घेऊन दुसऱ्या राज्यात जाते. धूर तोच, फुप्फुसं वेगळी. आपल्याकडे 15 वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर यांची पाळी येते. 2013ची गाडी म्हणजे 2028. स्वस्ताईत ही तारीखही मोजलेली असते, फक्त कोणी बोलत नाही.

मी शेवटी जुनी पेट्रोल गाडी घेतली. ती डिझायर भाच्याने घासाघीस करून आणखी वीस हजारांनी खाली आणली आणि नेली. तो रोज सातारा-कराड जाऊन येऊन करतो, शंभर किलोमीटर, बहुतेक हायवेने. क्लच त्याने पहिल्याच महिन्यात बदलून घेतला. गाडी बावीस देते.

तुम्ही बघायला जाणार असाल तर सकाळी लवकर जा, आणि आदल्या रात्रीच मालकाला फोन करून सांगा, आम्ही येईपर्यंत सेल मारू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा.