छेद वाढवणारी माणसं

२०२२ सालात लसीकरणाशी संबंधित दोन मोठे सन्मान जाहीर झाले. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी आलेल्या पद्म पुरस्कारांच्या यादीत सीरम इन्स्टिट्यूटच्या सायरस पूनावाला यांना पद्मभूषण होतं आणि कोव्हॅक्सिन बनवणाऱ्या भारत बायोटेकच्या कृष्णा व सुचित्रा एल्ला यांनाही पद्मभूषण. पुढे चारेक महिन्यांनी, २२ मे रोजी, जागतिक आरोग्य संघटनेनं आरोग्य क्षेत्रातल्या नेतृत्वाचा आपला पुरस्कार भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशा कार्यकर्त्यांना मिळून दिला. पहिल्या यादीत माणसांची नावं होती, दुसरीत एक आकडा.

पूनावालांच्या सन्मानाबद्दल कुरकुर करण्याचं काही कारण नाही. १९६६ साली पुण्यात सुरू झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटनं गोवर, घटसर्प, धनुर्वाताच्या लशी गरीब देशांना परवडतील अशा भावात करून दाखवल्या. आफ्रिकेतल्या मेंदूज्वराच्या पट्ट्यासाठी अर्ध्या डॉलरहून कमी किमतीची लस करायला बड्या कंपन्या तयार नव्हत्या. ती पुण्यात तयार झाली आणि २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोत टोचली जाऊ लागली. आशांच्या सन्मानाबद्दल तर कुणाचंच दुमत नसावं, फक्त त्यानंतर दोन वर्षांच्या आत त्यांना वाढीव मानधनासाठी संप करून मुंबईत आझाद मैदानावर बसावं लागलं, एवढं विसरू नये.

मला बोलायचं आहे ते या दोन टोकांच्या मधल्या जागेबद्दल. लस कारखान्यातून निघाली की बाळाच्या मांडीपर्यंत तिला पोचवणारं एक नेतृत्व लागतं. ते एखाद्या महापालिका दवाखान्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचं असतं, एखाद्या एएनएम सिस्टरचं असतं, कधी एखाद्या आशाताईचं. ते ओळखायला आपल्याकडे जवळजवळ एकच माप आहे: टक्केवारी. आणि तळवड्यासारख्या ठिकाणी हे माप चांगलं काम करणाऱ्याच्याच अंगावर उलटतं.

तळवडे १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. आज तिथं एका अंगाला सॉफ्टवेअर पार्कच्या काचेच्या इमारती, दुसऱ्या अंगाला लघुउद्योगांच्या शेड, मधे देहू-आळंदी रस्त्यावरची न संपणारी वाहतूक, आणि या सगळ्याच्या पोटात रुपीनगर, ज्योतिबानगर अशा वस्त्यांमधल्या भाड्याच्या खोल्या. लातूर-बीडकडची कुटुंबं, बुलढाणा-वाशिमची, त्याहून लांबची उत्तर प्रदेश-बिहारची. ठेकेदाराचं काम संपलं की खोली रिकामी. महिनाभरात तिथं दुसरं कुटुंब.

आता टक्केवारी काढायची. अंशाला टोचलेली मुलं. ती मोजता येतात, कारण त्यांची नोंद होते. छेदाला टोचायला हवी होती ती मुलं. ही कुठून आणायची? सरधोपट रीत अशी की भागाची लोकसंख्या घ्यायची, तिला जन्मदर लावायचा, आणि येईल ते वर्षाचं उद्दिष्ट. पण लोकसंख्या कुठली? शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा पिंपरी-चिंचवड सव्वासतरा लाखांचं शहर होतं. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. चाकण, म्हाळुंगे, निघोजे, तळवडे या पट्ट्यात गेल्या दीड दशकात जे झालं ते या छेदात अंदाजानंच शिरतं.

छेद लहान असला की टक्केवारी फुगते. म्हणून कागदावर शंभराच्या वरचे आकडेही निघतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरी जाऊन कार्ड बघतात, आईला विचारतात, तेव्हा चित्र वेगळं दिसतं. २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १२ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी ७६.४ टक्क्यांचंच लसीकरण पूर्ण होतं. त्याआधीच्या फेरीत ते ६२ होतं, म्हणजे प्रगती खरी आहे. पण आपण पुढारलेलं राज्य म्हणवतो आणि महाराष्ट्र या सरासरीच्याही किंचित खालीच होता.

या वस्त्यांमधल्या एखाद्या अंगणवाडीत भरलेलं लसीकरणाचं सत्र जवळून पाहावं. टेबलावर निळा व्हॅक्सिन कॅरियर, आत चार आईस पॅक, मधे झिपच्या पिशवीत कुप्या. प्रत्येक कुपीवर एक छोटा गोल आणि त्यात चौकोन. चौकोन गोलाइतका गडद झाला की ती लस बाद, कारण तिला उष्णता लागली. सिस्टर प्रत्येक कुपी हातात घेऊन तो चौकोन बघते. गोवर-रुबेलाची लस पावडरच्या रूपात येते. सोबतचं पाणी घालून ती एकदा विरघळवली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. कुपीत पाच किंवा दहा डोस. आणि समोर नऊ महिन्यांचं एकच बाळ.

फोडायची का कुपी? नियम सांगतो, एका बाळासाठीसुद्धा फोडा. पण महिनाअखेरीला ‘वाया गेलेले डोस’ असा एक रकाना भरायचा असतो आणि त्यावरून वरून विचारणा होऊ शकते. बाळाला ‘पुढच्या वेळी या’ म्हटलं तर कुठल्याच रकान्यात काही लिहावं लागत नाही. ही आई पुढच्या वेळी इथं असेल का, हे तिच्या नवऱ्याच्या ठेकेदारावर अवलंबून. जी सिस्टर अशा वेळी कुपी फोडते, ती त्या क्षणी नेतृत्व करत असते. तिच्या खात्यावर जमा होतात ते चार किंवा नऊ वाया गेलेले डोस.

दुसरा प्रसंग आशाताईचा. दारात उभं राहून ती विचारते, बाळाचे डोस झालेत का? उत्तर ठरलेलं असतं: ‘गावाकडं घेतलं.’ ते बहुतेकदा खरंही असतं. आपल्याकडे बाळंतपणाला बाई माहेरी जाते. बीसीजी आणि पोलिओचा पहिला डोस तिकडे, दीड महिन्याचा इकडे, पुढचे दोन कुठे तरी मधेच. कार्ड गावाकडे राहिलेलं. मग आशाताई बाळाची डावी बाही वर करते आणि दंडावर बीसीजीचा व्रण आहे का ते बघते. व्रण असला तर जन्मानंतर कुणीतरी या बाळाला पाहिलंय एवढं कळतं. पुढचं सगळं आईच्या आठवणीतून उकलायचं. संपूर्ण लसीकरण झालेल्या प्रत्येक बाळामागे आशाताईला शंभर रुपये मिळतात. पाच महिने तिनं जिच्या दाराशी खेटे घातले, ती आई सहाव्या महिन्यात खोली सोडून गेली, की ते शंभर गेले.

आता समजा, एखाद्या भागात वर्षाचं उद्दिष्ट शंभर बाळांचं आहे आणि पंच्याण्णव टोचली गेली. उत्तम कामगिरी. त्याच भागात एखादी जिद्दीची सिस्टर बांधकामाच्या साइटवर, पत्र्याच्या शेडमागे, भंगाराच्या गोदामांत फिरली आणि यादीत नसलेली तीस मुलं शोधून लिहून आली. त्याच दिवशी तिची टक्केवारी पंच्याण्णववरून त्र्याहत्तरवर आली. तिनं काहीही बिघडवलेलं नाही. उलट जे आधीपासून होतं ते तिनं उजेडात आणलं. पण आढावा बैठकीत उभं केलं जाईल ते तिलाच. शेजारच्या भागातला, खुर्ची न सोडणारा गृहस्थ पंच्याण्णव टक्क्यांचं प्रशस्तिपत्र घेऊन घरी जाईल.

या देशानं लसीकरणातल्या दोन सर्वांत मोठ्या लढाया जिंकल्या त्या बरोबर उलट रीत वापरून. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये देवीच्या रुग्णांचा शोध घ्यायला घरोघर पहिली मोठी फेरी निघाली, तेव्हा उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये मिळून सुमारे दहा हजार रुग्ण सापडले. सरकारी कागदांवर त्यांचा पत्ता नव्हता. केवढी नामुष्की! आकडा दाबण्याचा मोह किती झाला असेल. पण मोहिमेच्या धुरिणांनी आकडा दाबला नाही, शोध आणखी वाढवला. पुढे तर देवीचा रुग्ण दाखवून देणाऱ्याला रोख बक्षीस ठेवलं. ते पन्नासवरून शंभरावर आणि १९७५ मध्ये हजार रुपयांवर गेलं. त्या काळात हजार रुपये म्हणजे केवढी रक्कम! वाईट बातमी आणणाऱ्याला सरकार पैसे देतंय, हे आपल्या प्रशासनाच्या इतिहासात फार वेळा घडलेलं नाही. मे १९७५ नंतर देशात देवीचा रुग्ण सापडला नाही.

पोलिओतही तेच. ‘दो बूंद’ आणि करंगळीवरची शाई सगळ्यांच्या लक्षात आहे. दारावर खडूनं काढलेल्या ‘एक्स’ या खुणेची आठवण कमी जणांना असते. मूल झोपलंय, बाहेरगावी गेलंय, घरच्यांनी नकार दिलाय, असं काहीही असलं की दारावर एक्स. म्हणजे आपल्याच अपयशाची खूण, भर रस्त्यावर, सगळ्यांना दिसेल अशी. दुसऱ्या फेरीत त्याच दारांवर परत जायचं. हावड्यात १३ जानेवारी २०११ ला देशातला शेवटचा रुग्ण सापडला, तोवर हे चाललं.

रोगसर्वेक्षणाच्या शास्त्रात आजही असा एक निकष आहे आणि मला तो फार शहाणपणाचा वाटतो. ताप आणि अंगावर पुरळ आलेले, पण तपासणीत गोवर-रुबेला नसलेले किमान दोन रुग्ण दर लाख लोकसंख्येमागे दरवर्षी सापडले पाहिजेत. कमी सापडले तर भाग निरोगी आहे असं समजत नाहीत. शोधणारेच झोपलेत असं समजतात. लसीकरणाच्या कौतुकसोहळ्यांनी एवढं एक तत्त्व उचललं तरी पुष्कळ होईल.

कारखान्यांचे मालकही यात काही देणं लागतात, आणि त्याचा दाखला टाटांच्या घरातला आहे. १९७४ मध्ये जमशेदपूर-टाटानगरात देवीचा मोठा उद्रेक झाला. कामासाठी आलेले मजूर आजारी पडून गावी परतत होते आणि टाटानगर स्टेशनावरून सुटणाऱ्या गाड्यांतून रोग दूरदूर जात होता. तेव्हा टाटांनी नुसता धनादेश दिला नाही. आपले डॉक्टर, गाड्या, माणसं मोहिमेच्या हवाली केली. चाकण-तळवड्याच्या पट्ट्यातल्या कंपन्याही सामाजिक दायित्वाच्या पैशातून दवाखान्यांना वस्तू देतात, वर आपल्या नावाची पाटी लावतात. लावू द्या. पण कुठल्या शेडमध्ये किती कंत्राटी कामगार, त्यातल्या किती जणींची पोरं दोन वर्षांच्या आतली, ही यादी ठेकेदाराकडून मागून जवळच्या दवाखान्यात द्यायची, याला पाटी लागत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तळवड्यात वाढदिवसाच्या केकवरच्या फुलझडी मेणबत्त्या बनवणाऱ्या एका जागेला आग लागून तिथं काम करणाऱ्या बायका होरपळून गेल्या. कारखाना विनापरवाना होता. जो कारखानाच कुठल्या नोंदीत नाही, तिथल्या आयांची मुलं कुणाच्या यादीत असणार?

मोजणी करणं अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. चाकणहून शिक्रापूरच्या दिशेला वढू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी १९७० च्या दशकात तिथं ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं, गावातल्याच माणसांना हाताशी धरून. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा मला मोठं वाटतं ते त्यांच्या मागे राहिलेलं काम: २००२ पासून वढूच्या परिसरातल्या बावीस गावांत घरोघर जाऊन जन्म, मृत्यू, कोण आलं, कोण गेलं याची नोंद ठेवली जाते. याच पायावर रोटाव्हायरसच्या भारतीय लशीची अंतिम चाचणी दिल्ली आणि वेल्लोरसोबत पुणे केंद्रातही होऊ शकली. एकूण ६,७९९ बाळं. २०१६ पासून ती लस राष्ट्रीय कार्यक्रमात टप्प्याटप्प्यानं आली. आज देशभरात बाळांच्या तोंडात हे थेंब पडतात. आलेल्या-गेलेल्यांची वही लिहिणाऱ्यांचं त्यात किती श्रेय, ते कुठल्या मानपत्रात नाही.

छेद वाढवणाऱ्याला शाबासकी द्यायची ठरली तर खोट्या नावांनी याद्या फुगतील, हा आक्षेप मला मान्य आहे. आपल्याकडे नसलेली मुलं पटावर दाखवायची कला जुनी आहे. पण त्यावर उपाय आहे: नव्यानं सापडलेल्या प्रत्येक मुलाच्या दारी तिऱ्हाइतानं जाऊन पाहायचं, पोलिओत पाहत होते तसं. पुरस्काराच्या अर्जात ‘टक्केवारी किती’ याच्याआधी ‘या वर्षी यादीत नसलेली किती मुलं शोधली’ आणि ‘दुसरीकडे गेलेल्या किती मुलांची माहिती तिकडे कळवली’ असे दोन रकाने छापायला खर्च येत नाही.

दुसरा रकाना या पट्ट्यात विशेष लागेल. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीपासून गोवर पसरला, तेव्हा पिंपरी-चिंचवडमध्ये रुग्ण सापडले ते तळवड्याच्या शेजारी, चिखलीच्या कुदळवाडीत. भंगार गोदामांची, परप्रांतीय मजुरांची वस्ती. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये वॉशिंग्टनमध्ये भारताला गोवर-रुबेलाविरुद्धच्या कामाचा ‘चॅम्पियन’ पुरस्कार मिळाला. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं कुदळवाडीतली हजारो बांधकामं पाडली. ती अनधिकृत होती की नव्हती, हा वाद वेगळा. पण लसीकरणाचा आराखडा पत्त्यांवर बेतलेला असतो, आणि ते पत्तेच पडले. गोदामांच्या आडोशानं राहणारी जी कुटुंबं इंद्रायणी ओलांडून मोई, निघोजे, कुरुळीकडे सरकली असतील, त्यांची मुलं महापालिकेच्या हद्दीतून निघून जिल्हा परिषदेच्या हद्दीत गेली. अलीकडच्या दवाखान्यात ती ‘स्थलांतरित’ म्हणून छेदातून वजा होऊ शकतात. पलीकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कुणी जाऊन लिहीपर्यंत ती नाहीतच. पुलाच्या दोन्ही बाजूंच्या सिस्टरनी एकमेकींचे फोन नंबर घेऊन ठेवले, तर दीड वर्षाच्या एखाद्या पोराचा गोवराचा दुसरा डोस चुकणार नाही. त्या फोनची नोंद करायला सध्या एकाही नमुन्यात जागा नाही.