शिवसागरावरची पंगत

गेल्या शनिवारी आम्ही सहा मित्र बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशयातून वासोटा किल्ल्याकडे निघालो. निम्म्या वाटेतच डबे उघडले. भाकरी, ठेचा, भरली वांगी आणि कुणाच्या तरी घरचे कालचे गुलाबजाम. (ते आधी संपले, हे सांगायला नकोच.) कुणाचा डबा कुणापुढे, कळेना.

लाँचवाल्या मामांनाही भाकरी दिली. सुकाणू न सोडता त्यांनी ती घेतली आणि हनुवटीनं पाणी दाखवलं. "आमचं शेत हितंच खाली हाय."

१९६०च्या दशकात कोयना धरणाचं पाणी चढलं, तेव्हा खोऱ्यातली गावं उठली. मामांच्या आजोबांची नाचणी पिकायची ती जमीन आमच्या पंगतीखाली होती.

हात धुवायला वाकलेले आम्ही तसेच थांबलो. मग कुणीतरी ठेच्याची वाटी मामांपुढे सरकवली.