देवाची बाजू घेताना

ईयोबाचे मित्र त्याचे सांत्वन करावयास आले आणि देवाचे वकील होऊन बसले. देव न्यायी आहे हे सिद्ध करण्याच्या भरात त्यांनी राखेत बसलेल्या मित्रावर न केलेल्या पापांचा आळ घेतला. तेव्हा ईयोबाने त्यांना विचारले की, देवाची बाजू घेण्यासाठी तुम्ही असत्य बोलणार काय? आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप झाला तो ईयोबावर नव्हे, तर ह्या वकिलांवर.

विश्वासाचे समर्थन करणाऱ्या प्रत्येकाला ईयोबाचा हा प्रश्न लागू आहे. आज आपण तो मॉर्मन पंथाच्या उदाहरणावरून तपासून पाहू. स्वतःच्या घरातला दोष पुष्कळदा दुसऱ्याच्या घरात आधी दिसतो.

अमेरिकेत जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली ‘मॉर्मनचे पुस्तक’ प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी आपला पंथ स्थापन केला. यरुशलेमहून प्राचीन काळी अमेरिकेत गेलेल्या लोकांचा हा इतिहास असून तो सोन्याच्या पत्र्यांवर कोरलेला आपणास मिळाला, असे ते सांगत. हे पुस्तक आपण पवित्र शास्त्र मानीत नाही, आणि देवाविषयीची त्यांची शिकवण ऐतिहासिक ख्रिस्ती विश्वासाहून वेगळी आहे, हे आम्ही प्रारंभीच सांगतो. परंतु आज त्या मताचे खंडन करावयाचे नाही. त्या मताची बाजू मांडणाऱ्या विद्वानांचे काय झाले, एवढेच पाहावयाचे आहे.

बी. एच. रॉबर्ट्स हे त्या पंथाचे एक वरिष्ठ पुढारी आणि त्यांच्या पिढीतले सर्वांत नावाजलेले समर्थक. १९२१ साली एका चौकस माणसाचे पाच प्रश्न त्यांच्याकडे आले. त्यांतला एक असा : मॉर्मनच्या पुस्तकात प्राचीन अमेरिकेत घोडे असल्याचे लिहिले आहे; पण युरोपीय लोक गेले तेव्हा तेथे घोडा नव्हता, हे कसे? रॉबर्ट्स यांनी मन लावून अभ्यास केला. सोपे उत्तर सापडेना, तेव्हा त्यांनी अडचणींची सविस्तर टिपणे काढली आणि जानेवारी १९२२ मध्ये ती आपल्या वरिष्ठांपुढे ठेवली. उद्या आपली तरुण मुले हेच विचारतील, त्यांना आपण काय सांगणार, ही त्यांची काळजी होती. वरिष्ठांनी आपापल्या विश्वासाची साक्ष दिली. अडचणी होत्या तेथेच राहिल्या. रॉबर्ट्स १९३३ साली वारले. आपला विश्वास त्यांनी जाहीरपणे कधी सोडला नाही. त्यांचा तो अभ्यास ग्रंथरूपाने छापला गेला तो १९८५ साली.

पुढच्या पिढीचे नेतृत्व ह्यू निब्ली यांच्याकडे आले. अनेक प्राचीन भाषा जाणणारे हे गृहस्थ १९४६ पासून पंथाच्या ब्रिगम यंग विद्यापीठात शिकवीत. १९७९ साली जॉन वेल्च या वकिलाने ‘फार्म्स’ नावाची संशोधनसंस्था काढली. १९८९ पासून डॅनियल पीटरसन यांच्या संपादनाखाली तिचे परीक्षणांचे नियतकालिक निघू लागले. ह्या मंडळींची विद्वत्ता एवढी वाढली की, १९९८ साली दोन इव्हँजेलिकल अभ्यासकांनी आपल्याच बांधवांना इशारा दिला : ह्या वादात आपण हरत आहोत आणि त्याची आपल्याला जाणीवही नाही.

मग ओहोटी का लागली? एक कारण पुराव्यांचे आहे. स्मिथ यांनी अब्राहामाचे लिखाण म्हणून ज्या मिसरी गुंडाळ्यांचे भाषांतर दिले होते, त्यांचे तुकडे १९६७ साली न्यूयॉर्कच्या वस्तुसंग्रहालयातून पंथाला परत मिळाले. ती मृतांसाठी लिहिलेली मिसरी धर्मविधीची पत्रे आहेत, असे ते वाचणाऱ्या तज्ज्ञांना आढळले. निब्ली यांनी त्यावर शेकडो पाने लिहिली. शेवटी २०१४ साली, तुकड्यांवरील अक्षरे आणि ते भाषांतर यांचा मेळ बसत नाही, हे पंथाने स्वतःच्या निबंधात मान्य केले.

दुसरे कारण आम्हांला अधिक गंभीर वाटते. उत्तर ज्याला द्यावयाचे तो प्रश्नकर्ता हळूहळू नजरेआड झाला आणि टीकाकार तेवढा समोर राहिला. १९९४ साली त्या नियतकालिकातील एका परीक्षणात परिच्छेदांची आद्याक्षरे अशी जुळविली होती की, त्यांतून एका टीकाकाराला अपशब्द वाचता यावा. ही गोष्ट उघडकीस आल्यावर ते बदलावे लागले. एवढ्या विद्वानांना अशी गंमत सुचावी, यावरून अंतःकरण कोठे पोहोचले होते ते कळते. पुढे फार्म्स विद्यापीठाचा भाग झाली. २००६ साली तिला मॅक्सवेल इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. जून २०१२ मध्ये पीटरसन परदेशी असताना संचालकांनी त्यांना ई-मेलने संपादकपदावरून दूर केले. दुसऱ्यांच्या लेखनाची कठोर झडती घेणाऱ्यांना आपल्याच घरात अशी वागणूक मिळाली. चळवळ संपली नाही. ऑगस्टपर्यंत पीटरसन व त्यांच्या सोबत्यांनी नवे नियतकालिक काढले. पण जुना वाडा दुभंगला तो दुभंगलाच.

कोणी म्हणेल, प्रभूने परूश्यांना कठोर शब्द वापरले नाहीत काय? पौलाने गलतीकरांना फटकारले नाही काय? होय. परंतु प्रभूने परूश्यांना सुनावले ते उघड, त्यांच्या तोंडावर. आणि पौलाने फटकारले ती त्याची स्वतःची लेकरे होती, ज्यांच्यासाठी त्याला वेदना होत होत्या. शंका घेणाऱ्या थोमाला प्रभूने मूर्ख ठरविले नाही. आपले हात पुढे केले. प्रेषित पेत्रही आपल्या आशेविषयी उत्तर देण्यास सिद्ध असा म्हणतो, ते विचारणाऱ्या माणसाला उत्तर देण्याविषयी, आणि ते नम्रतेने द्यावे अशी अट घालतो. ही अट गळली की समर्थन आपल्या बाजूची राखण होऊन बसते, आणि बाजू राखणाऱ्याला सत्य केव्हा अडचणीचे होईल याचा नेम नाही.

वाचकहो, हे सर्व वाचून आपल्याला समाधान वाटत असेल, तर लेख व्यर्थ गेला. शब्बाथ शाळेत एखादी मुलगी विचारते, “बाई, यहूदाने गळफास घेतला असे मत्तय लिहितो, आणि प्रेषितांच्या कृत्यांत तो पडून मेला असे आहे. खरे काय?” एखादा मुलगा विचारतो, मार्काच्या शेवटच्या बारा ओव्या काही अतिप्राचीन हस्तलिखितांत नाहीत, हे खरे का? तेव्हा आपण काय करतो? “असले प्रश्न सैतान घालतो” म्हणून त्याला खाली बसवितो? की आपल्यालाच न पटलेले उत्तर ठणकावून सांगतो, आणि घरी जाऊन विश्वासाचे रक्षण केले असे मानतो?

पुष्कळ मॉर्मन तरुणांनी पंथ सोडताना जे सांगितले, ते आपण ध्यानात ठेवावे. अडचण आहे याचे दुःख त्यांना होतेच. पण ती आम्हांला ठाऊक असलेल्यांनी सांगितली नाही, याचे अधिक होते. आपली मुलेही असेच म्हणू शकतात.

मुलगी विचारील तेव्हा ती दोन्ही वचने तिच्यासमोर उघडावीत. आपल्याला उत्तर येत असेल तर द्यावे; येत नसेल तर “बाळ, मला ठाऊक नाही, पाळकसाहेबांना विचारून पुढच्या रविवारी सांगते,” असे म्हणावे, आणि पुढच्या रविवारी खरोखर सांगावे. यात देवाची बाजू लंगडी पडत नाही. जो स्वतः सत्य आहे त्याला आपल्या असत्याची गरज नाही. ईयोबाच्या मित्रांना हे उशिरा कळले, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करावी लागली ती त्याच ईयोबाला.