चित्रपटाची चोख प्रत

ओतूरला मांडवीच्या काठी कपर्दिकेश्वराच्या देवळाजवळ चैतन्यस्वामींची समाधी आहे. बाबाजी चैतन्य म्हणजे तुकोबांचे गुरू, ही इथली पिढ्यानुपिढ्यांची श्रद्धा. श्रावणी सोमवारी तांदळाच्या पिंडी बघायला सगळा तालुका लोटतो, तेव्हा समाधीपुढेही रांग लागते. या गावात बसून जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूच्या ‘टोकियो स्टोरी’बद्दल विचार करू लागलं की मन तुकोबांच्या गाथ्याकडे जातं, आणि ते आडवाटेला गेलं असं मला वाटत नाही. मुळातली प्रत हाती राहिली नाही, तर कलाकृती लोकांच्या घरी पोचते कशी आणि ती पोचवणाऱ्याने कोणती जबाबदारी घ्यायची, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

‘टोकियो स्टोरी’ १९५३ चा. ओनोमिची या समुद्रकाठच्या गावातलं म्हातारं जोडपं टोकियोतल्या मुलांकडे जातं. थोरला डॉक्टर. सगळ्यांनी फिरायला निघायचं, तर ऐनवेळी पेशंट येतो. मुलीचं ब्यूटी पार्लर आहे, तिला आईवडिलांची अडचणच होते. मग भावंडं पैसे काढून दोघांना अतामीला, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या ठिकाणी धाडून देतात. तिथे रात्रभर गोंगाट, झोप नाही. सकाळी दोघं समुद्राच्या धक्क्यावर बसतात, उठताना आईला घेरी येते. आता घरी जाऊ या, असं ठरतं. युद्धात गेलेल्या मुलाची बायको, नोरिको, तेवढी कचेरीतून रजा काढून सासूसासऱ्यांना शहर दाखवते.

माळशेज उतरून कल्याण-ठाण्याला मुलाकडे महिनाभरासाठी गेलेली आणि आठवड्यात परतलेली माणसं आमच्या भागात गल्लोगल्ली भेटतील. विचारलं तर म्हणतील, ‘तिकडं करमत नाही.’ मुलांची माया आटलेली नसते. दोन खोल्यांत जागा नसते, सकाळची लोकल चुकवून चालत नाही. आपल्याकडच्या कितीतरी कौटुंबिक चित्रपटांनी अशा वेळी सुनेला खाष्ट केलं आणि प्रश्न मिटवून टाकला. ओझू कोणालाच खलनायक करत नाही, म्हणून त्याचा चित्रपट जास्त लागतो. त्यातलं सगळ्यात जिव्हाळ्याचं माणूस तर सूनच आहे, आणि तिचं रक्ताचं नातंही नाही.

ओझूचा कॅमेरा जमिनीलगत ठेवलेला असतो आणि जवळजवळ हलत नाही. चटईवर बसलेल्या माणसाला घर जसं दिसेल, तसं तो दाखवतो: पुढे भुई, मग बसलेली माणसं, त्यांच्या हातातले पंखे, मागे सरकती दारं. आपणही भुईवरच वाढलो. ओसरीत सतरंजीवर बसून हा चित्रपट बघणाऱ्याची नजर आणि कॅमेऱ्याची नजर एका पातळीवर येते, तसं थिएटरच्या खुर्चीत होत नाही. घरी बघण्यात काही गमावलं जातं हे खरं. पडदा लहान, अंधार नाही, मध्येच कोणीतरी दार वाजवतं. पण या एका चित्रपटाला घराने काही दिलंही आहे, असं मला ठामपणे वाटतं.

मात्र प्रत चोख हवी. जुन्या चित्रपटांची चौकट चौरसाच्या जवळची असते आणि आजचा टीव्ही आडवा. बाजूच्या काळ्या पट्ट्या खटकतात म्हणून कोणी रिमोटवरून चित्र मोठं करून पडदा भरून टाकतं, आणि वरखालचा भाग कापला जातो. ओझूच्या बाबतीत कापली जाते ती नेमकी भुई. दिग्दर्शकाने बोटभर मोजून ठेवलेली जागा एका बटणाने जाते, आणि बघणाऱ्याला काही गेल्याची जाणीवही होत नाही.

‘टोकियो स्टोरी’ची मूळ निगेटिव्ह आगीत नष्ट झाली. आज जग बघतं ते पुढच्या प्रतींवरून मिळवलेलं रूप आहे. २००३ साली अमेरिकेतल्या क्रायटेरियन कंपनीने त्याची डीव्हीडी काढली. तिच्यात चित्रपटाबरोबर चालणारं अभ्यासकाचं भाष्य आहे, ओझूच्या आयुष्यावरचा दोन तासांचा माहितीपट आहे. पुढे २०१३ मध्ये ब्लू-रे आली. जगभरच्या दिग्दर्शकांनी ‘साइट अँड साउंड’ या चित्रपटविषयक मासिकाच्या २०१२ च्या पाहणीत या चित्रपटाला पहिलं स्थान दिलं. इतक्या देशांत इतक्या लोकांना तो पुन्हापुन्हा बघता आला, यात अशा घरगुती आवृत्त्यांचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं.

मूळ प्रत नसताना हाती आलेल्या प्रतींवरून असं संपादन करणं आपल्याला नवं नाही. गाथा इंद्रायणीत बुडवला गेला आणि तरला, ही कथा प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. पण १८६९ साली शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णुशास्त्री पंडित यांनी सरकारी मदतीने गाथा छापायला घेतला, तेव्हा निरनिराळ्या गावच्या वह्या गोळा करून ताडून पाहिल्या. देहूची वही एक म्हणते, तळेगावची दुसरं, तर पाठ कोणता धरायचा? त्या खटपटीमुळेच छापील गाथा पुढे घराघरांत गेला.

आता त्याच तुकोबांवरचा ‘प्रभात’चा चित्रपट घ्या. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’, १९३६. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षाहून अधिक काळ चालला, १९३७ साली व्हेनिसला गौरवला गेला. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा सगळ्यांना आठवतात. मला गौरीची जिजाई त्याहून मोठी वाटते. मूल तापाने फणफणलंय, नवरा भजनात, आणि ही बाई वहाण उगारून थेट विठ्ठलाला जाब विचारायला देवळात शिरते. संसाराची बाजू इतक्या जोरात मांडणारं पात्र संतपटात दुसरं मला दिसत नाही. नोरिको आणि जिजाई यांचे स्वभाव दोन टोकांचे, पण घर कोणाच्या जिवावर चालतं हे दोन्ही चित्रपट सारखंच सांगतात.

‘टोकियो स्टोरी’ची डीव्हीडी निघाली त्याच वर्षी, जानेवारी २००३ मध्ये, पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. ही जागा म्हणजे पूर्वीचा प्रभात स्टुडिओ. नायट्रेट पेटलं की पाण्यानेही विझत नाही. जुन्या भारतीय सिनेमाची कितीतरी रिळं त्यात गेली. अनेक चित्रपटांच्या सुरक्षित फिल्मवरच्या प्रती आधीच करून ठेवल्या होत्या, हे आपलं नशीब. पण घरोघरी पोचला तो ‘संत तुकाराम’ मुख्यतः व्हीसीडीवर. एका व्हीसीडीत सव्वा तासाच्या आसपास मजकूर मावतो, म्हणून चित्रपट दोन तबकड्यांत तोडलेला. चित्र पुसट, पखवाजाचा आवाज दबलेला. तेवढ्यावरही लोक डोळे पुसत होते, ही पागनीस आणि गौरीची पुण्याई. ‘आधी बीज एकले’ हा तुकोबांचा अभंग नसून शांताराम आठवले यांची रचना आहे, एवढी एक ओळ वेष्टनावर छापली असती तरी मोठा गैरसमज टळला असता. क्रायटेरियनच्या तोडीची मराठी आवृत्ती, म्हणजे स्वच्छ चित्र, केशवराव भोळ्यांच्या संगीतावर टिपण, दामल्यांच्या ध्वनिमुद्रणाची हकीकत आणि एखाद्या जाणत्याचं भाष्य, अजून माझ्या पाहण्यात नाही.

आणि उलट बाजूने, ‘टोकियो स्टोरी’ला मराठी उपशीर्षकं हवीत. क्रायटेरियनच्या तबकडीवर ती इंग्रजीत आहेत. हा चित्रपट ज्यांनी बघायला हवा ते ओतूर, डिंगोरे, उदापूरचे आजी-आजोबा ती वाचणार नाहीत, आणि शेजारी बसलेल्या नातवाने वाचून दाखवायची म्हटली तर चित्रपट पुढे निघून जातो. पुण्यात जपानी शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांची परंपरा कैक वर्षांची आहे, चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, फिल्म सोसायट्या आहेत. हक्क मालकांकडून रीतसर घ्यावे लागतील, पैसे लागतील. पण बोलणं थोडं, वाक्यं साधी, घरातली: जेवलात का, झोप लागली का, गाडी किती वाजता आहे. दोन-तीन जाणकार काही महिने नेटाने बसले तर हे होण्यासारखं आहे, आणि सुरुवात याच चित्रपटापासून करावी.