नाव विचारून घेतल्यावर

कोणी रुग्णालयात दाखल झाल्याची बातमी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पडली की पाच मिनिटांत जोडलेल्या हातांची रांग लागते. 'प्रार्थना करतो', 'देवाजवळ मागणं मागते'. यावर आपल्याकडे चालणारा वाद फार उथळ आहे. एक बाजू विचारते, प्रार्थनेने कुठे रोग बरा होतो का? दुसरी म्हणते, नसेल होत, पण मनाला उभारी तर येते! 'करतो' म्हणणाऱ्याने ती केली का, हे मात्र कोणीच विचारत नाही.

1867 साली मुंबईत प्रार्थना समाज निघाला, मग आगरकर आले, अलीकडे दाभोलकर. प्रार्थनेचा हिशेब आपण दीडशे वर्षं मांडतोच आहोत. मला तो इथे मांडायचा नाही. निरुपयोगी गोष्ट करण्याचाही शब्द देता येतो आणि दिला की पाळावा लागतो, एवढं विवेकवाद्यांना पुरे. नवसाची तर गोष्टच वेगळी, तिथलं देणंघेणं थेट देवाशी असतं.

माझं भांडण आहे ते तिसऱ्या, सौम्य आणि सुसंस्कृत पक्षाशी. हा पक्ष म्हणतो, देव भावाचा भुकेला. मनात कळवळा होता ना, मग नाव घ्यायचं राहून गेलं तर काय बिघडलं? त्याला सगळं ठाऊकच असतं.

कोपरखैरण्याच्या सेक्टरांनी वेढलेलं बोनकोडे घ्या. चैत्रात या पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांतून माणसं कार्ल्याच्या एकवीरेला पायी जातात. निघायच्या वेळी शेजारची बाई येते. हातात पिशवी, पिशवीत खण-नारळ, वर अकरा रुपये. "आईची ओटी भर आमच्या नावानं. पोराचं ऑपरेशन हाय, तेवढं सांग." जाणारा पिशवी घेतो आणि विचारतो, "नाव काय पोराचं?"

आता भावपक्षाला विचारतो, देवीला सगळं ठाऊक असेल तर ही बाई या माणसाकडे आलीच कशाला? घरातल्या देव्हाऱ्यासमोर तिने हात जोडलेच असणार. तरी ती आली, कारण पोराचं नाव आणखी कोणाच्या तरी तोंडून गडावर उच्चारलं जावं, अशी तिची इच्छा आहे. 'हो' मिळाल्यावर ती निर्धास्त होते, कदाचित दुसऱ्या कोणाला सांगतही नाही. ही निर्धास्ती तिला देवीने नाही, या माणसाने दिली. देवी भावाची भुकेली असेलही, पण शब्द देवीला कुठे दिला होता? तो दिला शेजारणीला, आणि शेजारणीचं समाधान देवीच्या सर्वज्ञतेतून परस्पर वळतं करता येत नाही.

शिवाय भावपक्षाच्या म्हणण्यात एक सोय दडलेली आहे. भाव होता की नव्हता, हे ठरवणार तोच, ज्याच्याकडून चूक झाली असेल! नारळ वाटेत विसरला तरी भाव होता, पिशवी घरीच राहिली तरी भाव होता. जो शब्द मोडताच येत नाही, तो कधी दिलाच नव्हता असं म्हणणं जास्त प्रामाणिक. या पट्ट्याला हे कळायला तत्त्वज्ञान लागत नाही. सिडकोसाठी 95 गावांच्या जमिनी गेल्या, 1984 साली जासईच्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले, आणि साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा शब्द भूखंडापर्यंत पोचायला किती वर्षं लागली, ते कुठल्याही ओट्यावर ऐकायला मिळेल. सरकारचा भाव चांगलाच होता म्हणे.

अर्थात प्रत्येक 'करतो' हा शब्द नसतो. ग्रुपवरचे जोडलेले हात बहुतेक वेळा निव्वळ शुभेच्छा असतात, आणि त्यांना तेवढंच मानण्यात कोणाचा अपमान नाही. मग सीमा कुठे? माझ्या मते, नाव विचारण्यात. ज्याने समोरच्याला नाव विचारून घेतलं, त्याने ओझं उचललं. श्रद्धा कमी-जास्त असण्याशी याचा संबंध नाही. नास्तिकाने नाव विचारलं असेल तर ओटी त्यानेही भरावी.

हर्बर्ट बेन्सन यांच्या पथकाने 2006 साली अमेरिकेत बायपासच्या 1,802 रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रार्थनेचा फायदा दिसला नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना नक्की होते आहे हे ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच निघाली. दोन्ही बाजू या आकड्यांवर तुटून पडल्या. मला लक्षणीय वाटते ती दुसरीच गोष्ट. प्रार्थना करणाऱ्यांकडे रुग्णाचं फक्त पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर होतं, ठरलेलं वाक्य होतं, चौदा दिवस होते. नाव रुग्णाला विचारलेलं नव्हतं, ते संशोधकांनी पुरवलं होतं. प्रार्थना करणारे बांधलेले होते ते संशोधकांना. माझ्या हिशेबात त्यांनी प्रार्थना केली, पण कोणा रुग्णाला दिलेला शब्द पाळला असं नाही.

2020 साली करोनामुळे माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. घरी राहिलेल्या वारकऱ्यांकडे कोणाकोणाचे दंडवत सोपवलेले असतीलच. वाट बंद झाली म्हणून ते आपोआप फिटले असं मी मानत नाही, कारण सोपवणारी माणसं फोनवर होती. सुटका मागायची तर त्यांच्याकडे.

कठीण प्रसंग याहून वेगळा आहे. चालणारा खोपोलीच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी आहे आणि बोनकोड्याहून फोन येतो की पोरगं गेलं. बरोबरचे म्हणतील, आता कशाला, पिशवी राहू दे. पण हे ठरवणारे ते कोण? फोन त्या बाईला करायचा, तो दोन दिवसांनी केला तरी चालेल, घाईने करू नये. ती 'राहू दे' म्हणाली तर माणूस मोकळा. 'भर तरी' म्हणाली तर पायऱ्या चढायच्या आणि वर गेल्यावर तेच नाव घ्यायचं.