नकाराचा मान

कारखाना, शाळा वा दुकान चालवणाऱ्या आपल्यापैकी अनेकांवर एक प्रसंग कधी ना कधी येतोच. अर्जांची छाननी होते, मुलाखती होतात, नेमणूकपत्र जाते आणि निवडलेला उमेदवार कळवतो की, ही नोकरी मला स्वीकारता येत नाही. महिनाभराचे श्रम वाया जातात, जागा रिकामी राहते. मग आपण रागावतो. उमेदवाराच्या वडिलांना फोन जातो, फादरांकडे तक्रार येते, दुसऱ्या मालकाच्या कानी त्याचे नाव घातले जाते.

येथे आपण थोडे थांबून विचार करू या. एका जागेसाठी वीस अर्ज आले, तर एकोणीस जणांना आपणच नकार देतो. बहुधा दोन ओळींचे उत्तरही न पाठवता. त्यांनी तो मुकाट्याने सोसावा आणि एकाच्या नकाराने मात्र आपला अपमान व्हावा, हा कुठला न्याय?

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात बजावले की, गरजेपोटी कामगाराने कठोर अटी मान्य केल्या, तर तो बळजबरीचा व अन्यायाचा बळी ठरतो. म्हणजेच, ज्याला 'नाही' म्हणता येते त्याच्याच 'होय'ला मोल असते. परमेश्वरानेही मरियामातेचा होकार गृहीत धरला नाही. मार्ककृत शुभवर्तमानातील धनवान माणूस प्रभू येशूचे पाचारण ऐकून खिन्न मनाने निघून गेला. प्रभूने त्याला शाप दिला नाही, की मागे धावून अटही सैल केली नाही. त्याच्याकडे पाहिले होते ते प्रेमानेच.

मग मालकाने काय करावे? वेळेवर कळवल्याबद्दल आभार मानावेत. कारण एकदाच, सौम्यपणे विचारावे. पगार अपुरा वा रात्रपाळी गैरसोयीची असे काही निघाल्यास पुढच्या माणसासाठी ते सुधारावे. वाट पाहणाऱ्या दुसऱ्या उमेदवाराला त्वरित बोलवावे आणि 'उरलेला' म्हणून त्याला कमी लेखू नये.

उमेदवारालाही कर्तव्य आहे. शब्द देऊन, रुजू होण्याच्या दिवशी न कळवता गैरहजर राहणे हा अप्रामाणिकपणा होय. त्याबद्दल स्पष्ट बोलण्याचा अधिकार मालकाला आहे. सूड घेण्याचा नाही.

नोकरी नाकारून जाणाऱ्याकडून आपल्याला पुढे काहीच मिळायचे नसते. म्हणूनच त्याच्याशी आपण कसे वागतो, यावरून आपल्या नीतीची खरी पारख होते.