हाफला खेळवलं म्हणून

चि. बाळूस,



ताईचा फोन आला होता. म्हणाली, पोरगं तीन दिवस घरात धड बोलत नाही, हॉकी स्टिक माळ्यावर टाकून दिलीय. मला वाटलं, चाकणला लाइनवर सुपरवायझरशी वाजलं असेल. मग कळलं, कोचने तुला फॉरवर्डमधून काढून राइट हाफला उभं केलं. हसू आलं, पण आवरलं. तुझ्या वयाचा असताना भोसरीच्या कंपनीत मला असेंब्लीवरून उचलून टूल रूममध्ये टाकलं होतं, तेव्हा मीही आठवडाभर डबा न उघडता घरी आणला होता.

नेहरूनगरच्या तुमच्या मैदानाला मेजर ध्यानचंदांचं नाव आहे. १९२८ साली ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकला 5 सामन्यांत 14 गोल करणारा माणूस तो. त्या नावाखालून आत शिरणाऱ्या पोराला गोलच मारावासा वाटणार. पण आज मी तुला त्यांच्याच १९३६च्या ऑलिंपिक संघातल्या दुसऱ्या एकाबद्दल लिहितोय. बाबू नरसू निमल. मुंबईकडून निवड झालेला, बर्लिनच्या फायनलचा राइट हाफ. नाव ऐकलं नसशील. तुझा दोष नाही. काही ठिकाणी तर निमलचं ‘निर्मल’ करून छापलंय. ऑलिंपिकचं सुवर्णपदक मिळवलेल्या माणसाचं आडनावही धड लिहिता येऊ नये, याचा मला अजून राग येतो.

त्या फायनलचा हिशेब नीट वाच. बर्लिनला पोचल्यावर सरावाच्या सामन्यात जर्मनांनी आपल्याला 4-1 हरवलं होतं. फायनल १४ ऑगस्टला व्हायची, ती पावसामुळे १५ला गेली. ओलं मैदान, समोर घरचा संघ आणि त्यांचंच पब्लिक. मध्यंतराला आपण फक्त 1-0 पुढे. दुसऱ्या अर्ध्यात मात्र धडाधड गोल झाले आणि निकाल लागला 8-1. ध्यानचंद 3, दारा 2, रूपसिंग, टॅप्सेल आणि जाफर यांचा एकेक. आता यात निमल शोध. नाही सापडणार. त्याच्या जोडीचे हाफ कलन आणि गॅलिबार्डीही नाहीत. हाफच्या ओळीतल्या तिघांतला एकही जण गोलांच्या यादीत नाही.

पण अख्ख्या स्पर्धेत आपण 38 गोल केले आणि खाल्ला तो एक, त्या फायनलमधला. हंगेरी, अमेरिका, जपान, फ्रान्स, कुणालाही आपल्या जाळ्यात चेंडू टाकता आला नाही. 38चा आकडा लोक सांगत सुटतात. त्या एकाबद्दल कुणी विचारत नाही. तो एकच का राहिला, हे तू विचार, कारण आता ते तुझं काम आहे.

त्या वेळी खेळ वेगळा होता. पुढे पाच फॉरवर्ड, मध्ये तीन हाफ, मागे दोन फुलबॅक. समोरचा लेफ्ट विंग रेषेला चिकटून पळत आला की त्याला अडवायचं काम राइट हाफचं. चेंडू काढून घेतला की थांबायला वेळ नाही, लगेच आपल्या पुढच्याला द्यायचा. चेंडू बाजूरेषेबाहेर गेला तर तेव्हा तो हाताने घरंगळवत आत टाकत, आणि हे कामही बहुतेक विंग-हाफकडेच यायचं. म्हणजे मैदानभर पळायचं, वाकायचं, द्यायचं, पुन्हा मागे यायचं. पुढे ध्यानचंदांच्या स्टिकवर चेंडू गेला की लोकांनी टाळ्या वाजवायच्या, आणि त्या त्यांच्या हक्काच्याच.

आता तू म्हणशील, मामा, खडकीचा धनराज तर फॉरवर्डच होता. होता. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला, मोडक्या स्टिक्स जोडून खेळलेला पोरगा चार ऑलिंपिक खेळला. त्याच्याइतकं पळता येत असेल तर कोचला खुशाल सांग, मी मध्ये पडणार नाही. पण त्यालाही चेंडू मागून कुणीतरी देतच होतं ना? मला वाटतं, तुझ्या कोचने तुझ्यात तेच पाहिलं असेल. तुझा रिव्हर्स स्टिकचा खेळ बरा आहे, आणि चेंडू गेला तरी तू चिडून उभा राहत नाहीस, मागे धावतोस. ही सवय सगळ्यांना नसते. फॉरवर्डला तर बहुतेक नसतेच.

तेव्हा कोचशी वाद घालू नकोस. सेकंड शिफ्ट सुटल्यावर बस तळेगाव चौकात अडकते, घरी यायला बारा वाजतात, हे मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पायात गोळे येतात. म्हणून आठवडाभर धावू नकोस, दोनच दिवस धाव, पण मागे-मागे पावलं टाकत वळायचा सराव कर. हाफचे गुडघे वळतानाच जातात. आणि स्टिक माळ्यावरून काढ, तिथं पत्र्याखाली तापून तिची ग्रिप चिकट होईल.

रविवारी सामना आहे ना? टर्फवर पाणी मारायच्या आधी पोच. सामना झाला की स्कोअर काय झाला ते मला फोन करून सांगू नकोस. त्यांचा लेफ्ट विंग साठ मिनिटांत किती वेळा तुझ्या पलीकडे गेला, ते वहीत लिही. मी पुढच्या आठवड्यात पिंपरीला येतोय, तेव्हा बघतो.

ताईला नमस्कार सांग. तिला म्हणावं, डबा भरून द्यायचं थांबवू नकोस.

तुझा,
मामा